उषा हिलमने घासलेली होडी

पौडला आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. वडील तिथं खतं-बियाणं विकायचे. पुण्याकडून बंगले आणि सोसायट्या भुकूमच्या पुढं सरकायला लागल्या, तसं मी खत बंद केलं आणि रंग ठेवायला लागलो. बावीस वर्षं झाली. गवंडी, रंगारी, गॅरेजवाले, सगळे मला विचारून माल नेतात, आणि मीही न विचारता सल्ला देतो. उषा हिलम नावाच्या बाईला मी असाच एक सल्ला दिला होता. त्यापायी तिची सव्वा महिन्याची मेहनत फुकट गेली. ते लपवून पुढची गोष्ट सांगता यायची नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. दुकानात गर्दी होती. काउंटरच्या कडेला एक बारकीशी, काटक बाई बराच वेळ उभी होती. वय असेल अडतीस-चाळीस. अंगावर साडी, वरून नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट.

"काय पाहिजे गं?" मी विचारलं.

"पॉलिश पेपर. ऐंशीचा, आन् एकशेवीसचा. आदी दाखवा."

पॉलिश पेपर कोणी बघून घेत नाही. मी दोन कागद पुढं टाकले. तिने त्यातला एक उलटा-सुलटा केला, कोपरा दुमडला, त्यावरून अंगठा फिरवला आणि परत सरकवला.

"ह्याची खडी सुटती, शेठ. दुसरा काढा."

तो कागद मी तीन महिने विकत होतो. कोणी तक्रार केली नव्हती. मी आतला महागातला काढला. तो तिने घेतला.

"भिंत घासायचीय का?"

"न्हाई. होडी."

मग ती बोलत गेली आणि मी ऐकत गेलो. उषा मुळशी धरणाच्या पलीकडच्या काठावरच्या टाकवाडीची. वीस-बावीस घरं, सगळी कातकऱ्यांची. आई-बाप कोळसा पाडायचे, भातलावणीला रोजानं जायचे. लग्न झाल्यावर ती नवऱ्याबरोबर, विश्रामबरोबर, महाळुंग्याला बांधकामावर गेली. सुरुवातीला डोक्यावर घमेली. एकदा घासाईचा माणूस आला नाही म्हणून मुकादमानं तिच्या हातात कागद दिला. भिंतीवर पुट्टी मारली की ती वाळल्यावर घासून सपाट करावी लागते, ते काम. तिथं सगळे पुरुष, सगळे उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. तिने भिंतीवर तळवा फिरवला आणि म्हणाली, हितं पोट हाय. मुकादमानं हातभर लांब पट्टी लावून बघितली. फुगवटा होताच, पट्टीखालून नाणं सरकेल एवढा. त्या दिवसापासून घमेलं सुटलं. अकरा वर्षं तिने उंच इमारतींच्या भिंती घासल्या. कोणत्या मजल्याची कोणती खोली आपण केली, ते ती अजून सांगते. लॉकडाऊनमध्ये काम बंद पडलं. दोघं चालत वाडीवर आली आणि तिथंच राहिली. विश्राम जाळं टाकून मासे धरायला लागला. उषा अलीकडच्या काठावर एका रिसॉर्टमध्ये भांडी घासायला जायची.

त्या रिसॉर्टच्या स्वयंपाकघरामागं एक फायबरची होडी चार वर्षं पालथी पडली होती. अठरा फूट लांब. तळाला चिरा, एका बाजूला हात जाईल एवढं भोक, अंगभर खरचटलेलं. पुण्याहून आलेला कारागीर बघून म्हणाला होता, हिच्यापेक्षा नवीन घ्या. मॅनेजरला ती जागा मांडवासाठी पाहिजे होती. उषानं विचारलं, तर तो म्हणाला, "उचलून घेऊन जा, उपकार होतील."

टाकवाडीला होडीची गरज होती. पाण्याच्या अलीकडं डांबरी रस्ता, एसटी, बाजार, दवाखाना. वाडीवरून पायवाटेनं वळसा घालून यायचं तर अडीच तास. मधे एक ओढा, तो भरला की तीन-तीन दिवस वाट बंद. मुळशीच्या गोरखच्या दोन होड्या होत्या, पण त्या पर्यटकांसाठी. गोरख सोडायचा वाडीच्या लोकांना, पण त्याला सवड असेल तेव्हा.

"भोक तर विश्राम पत्रा लावून बुजवतो म्हनतोय," उषा म्हणाली. "मला ते पटंना. भिंतीची पुट्टी चालायची न्हाई, पानी पिती ती. तुमी सांगा काय भरू?"

आता हा प्रश्न माझ्यासारख्याला विचारल्यावर मी गप्प बसतोय होय? मी गाडीची लांबी काढून दिली. गाडीला पोच आला की गॅरेजवाले जो लगदा भरून, घासून, वर रंग मारतात, ती लांबी. आणि भोकासाठी फायबरची जाळी.

उषानं डबा हातात घेऊन बघितला. "ही पान्यात टिकंल?"

"गाडी पावसात भिजते. तिला काय होतं?"

"पावसात भिजनं आन् पान्यात बुडून ऱ्हानं येकच का, शेठ?"

"एकच गं. पाणी ते पाणी."

तिने माझ्याकडं क्षणभर बघितलं. मग डबे पिशवीत भरले.

मार्चच्या मध्यावर तिची होडी पाण्यात गेली. मी बघायला गेलो नाही, पण गोरख दुकानात आला होता, त्याच्याकडून कळलं. "दिसाया तर नव्या नवरीसारकी दिसतीया," तो म्हणाला. "पन भंगार ते भंगार. बगू किती दिस तरंगती."

नवव्या दिवशी विश्राम आला. उंच, अबोल माणूस. त्याने पळसाच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. "उषानं दिलंय. दाबून बगा म्हनली."

पानात लांबीचा एक पापुद्रा होता, हाताएवढा, वर निळ्या रंगाचा थर. मी दाबला. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तो बोटाखाली पिचला. आतून पाणी आलं.

ती बाई स्वतः आली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर सोपं गेलं असतं. मी दुपारी दुकान बंद केलं, मोटारसायकल काढली आणि मुळशीला गेलो. गोरखच्या होडीतून पलीकडं उतरलो. काठापासून थोडं वर, दोन ओंडक्यांवर होडी पालथी घातलेली. अंगभर फोड आलेले, कुठं लांबी सोलून निघालेली. उषा आणि तिची जाऊ रेश्मा पत्र्याच्या पट्ट्यांनी खरवडत होत्या. मला बघून उषा थांबली नाही.

"शेठ, तुमाला ठावं न्हवतं, का ठावं आसून सांगितलं न्हाई?"

"ठाऊक नव्हतं," मी म्हणालो. बावीस वर्षांत हे वाक्य मी गिऱ्हाइकापुढं पहिल्यांदा बोललो असेन.

"मंग ठावं करून घ्या. हे समदं खरवडाया मला धा दिस लागत्यात. तवर मी हाय हितंच."

रेश्मानं तोंडाला पदर लावला. हसली की काय केलं, कळलं नाही.

परत आल्यावर मी फोन लावत सुटलो. रंगाच्या कंपनीचा माणूस, मग त्याचा पुण्याचा वितरक, मग त्याच्या ओळखीचा कोणी. चौथ्या दिवशी रत्नागिरीच्या एका मिस्त्रींचा नंबर मिळाला. सत्तरी ओलांडलेले, आयुष्य मच्छीमारांच्या होड्या दुरुस्त करण्यात गेलेलं. मी सगळं सांगितलं. पलीकडून आधी खोकला आला, मग आवाज.

"दुकानदार ना तुम्ही? गाडीची लांबी म्हणजे दगडाची भुकटी. ती पाणी शोषते. होडीला पाण्याखाली ती लावतात काय? काम कोण करतंय?"

"एक बाई आहे."

"मग तिच्याशी बोलू द्या. तुमच्याशी बोलून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पलीकडं गेलो आणि होडीजवळ बसून फोन मोठ्या आवाजावर ठेवला. मिस्त्री सांगत गेले, उषा ऐकत गेली. चिरा वरून बुजवायच्या नाहीत, आधी पातं घालून दोन्ही कडांनी उतरत्या उघडायच्या, म्हणजे भरलेला माल धरून राहतो. भोकाला जाळीचे थर लहानाकडून मोठ्याकडं. लांबी इपॉक्सीची, त्यात काचेची पोकळ भुकटी, पिठासारखी हलकी. ती वाळली की वर तेलकट साय धरते, ती पाण्यानं धुऊन काढल्याशिवाय घासायचं नाही. आणि सगळ्यात आधी होडी वाळली पाहिजे.

"उन्हात पडलीया की," विश्राम म्हणाला.

"वरून वाळली असेल. चार वर्षं आणि वर नऊ दिवस ओल पिऊन बसलीय ती. प्लास्टिकच्या कागदाचे तुकडे तळावर चिकटवा, चारी कडा बंद. उन्हात ठेवा. आतून थेंब धरले तर ओल आहे. कागद कोरडा राहील तेव्हा काम सुरू."

उषानं एकच प्रश्न विचारला. "भिंतीला पोट नको आसतं. हिला तर पोटच हाय. मंग किती ठिवायचं, ते कळनार कसं?"

मिस्त्रींचा आवाज बदलला. "बरोबर विचारलंस बाय. चांगल्या बाजूचा पुठ्ठ्यावर साचा काप. उलटा करून फुटक्या बाजूला लाव. हातभर अंतरानं एकेक. डावं-उजवं सारखं झालं की थांब. त्याच्या पुढं तुझा हात सांगेल."

दुकानातली रंगाची रिकामी खोकी दुसऱ्या दिवशी सगळी टाकवाडीला गेली.

एप्रिल लागला. होडीच्या तळावर तिने प्लास्टिकचे बारा तुकडे चिकटवले. रोज दुपारी कागदाखाली थेंब. वाडीतले लोक येऊन बघायचे, डोकं हलवायचे आणि जायचे. आठवडा गेला, दुसरा गेला. सहा तुकड्यांखालचे थेंब संपले, सहांखालचे होते तसेच. विश्रामचा धीर सुटत चालला होता. मिरगाच्या आत होडी पाण्यात गेली नाही, तर पुढचं वर्षच.

"वाळलीया गं. हात लावून बग."

"हाताला वाळलीया. आतून न्हाई."

"मिरीग काय तुझ्यासाटी थांबनाराय का?"

"त्यो न्हाई थांबला तर न्हाई थांबला. पर मी दोनदा खरवडायची न्हाई."

तिने आणि रेश्मानं रिसॉर्टच्या भंगारातून काळा पत्रा आणला आणि होडीच्या ओल्या बाजूला तिरपा उभा केला, म्हणजे उन्हाची धग त्यावर आपटून तळावर पडायची. संध्याकाळी दव पडू नये म्हणून ताडपत्री घालायची, सकाळी काढायची. मेच्या दोन तारखेला मला फोन आला. तिच्याकडं फोन नव्हता, रेश्माचा होता. "शेठ, बाराच्या बारा कोरडं. माल घिऊन या."

तो माल मी पुण्याहून मागवून ठेवला होता. डबे गोरखच्या होडीत घालून मीच नेले. कशावर काय लिहिलंय ते या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं.

पहिल्याच दिवशी गडबड झाली. विश्रामनं मोठ्या टोपात इपॉक्सीचे दोन्ही भाग, रेझिन आणि हार्डनर, सगळे एकदम कालवले. मेचं ऊन. पाच मिनिटांत टोप तापला, धूर निघाला आणि सगळं दगड झालं. टोपही गेला. दुसऱ्या दिवसापासून उषा उजाडतानाच कामाला बसायला लागली. ताटात पसरून, थोडं थोडं कालवायचं. मापं रेश्माकडं. ती दहावीपर्यंत शिकलेली, काट्यावर वजन करून द्यायची, आणि तिच्या मापात एकदाही चूक झाली नाही.

भोक बुजलं, चिरा भरल्या. मग सगळ्या अंगावर लांबीचा थर. आणि मग घासाई. मी आयुष्यभर पॉलिश पेपर विकला, पण घासाई म्हणजे काय ते त्या महिन्यात बघितलं. हातात कागद धरून घासलं तर जिथं मऊ तिथं खड्डा पडतो. म्हणून तिने हिरव्या बांबूची दोन हात लांब पट्टी काढली, वाकेल पण मोडणार नाही अशी, आणि तिला खालून कागद चिकटवला. दोन्ही टोकांना दोघी, रेश्माला सातवा महिना लागलेला तरी. पट्टी होडीच्या पोटावर वाकवायची आणि तिरपी ओढायची, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं. तोंडाला मास्क, डोक्याला फडकं, बाह्या मनगटापर्यंत. दोघी पांढऱ्याफटक.

आणि एक गोष्ट तिची स्वतःची. मिस्त्रींनीही सांगितली नव्हती. कोळसा कुटून, वस्त्रगाळ करून ती फडक्यानं होडीच्या अंगाला चोळायची. होडी काळी. मग पट्टी फिरवायची. जिथं उंच तिथला काळा जायचा, जिथं खोल तिथं काळा राहायचा. काळे ठिपके दिसले की तेवढंच पुसून, धुऊन, पुन्हा भरायचं.

"हे कुठं शिकलीस?" मी विचारलं.

"कोळसा कुनाला शिकवाय लागतोय का आमाला?" ती म्हणाली.

वर ताडपत्रीचा आडोसा होता, आत भर दुपारीही अंधार. ती रेश्माच्या मोबाइलची बत्ती होडीच्या अंगाला आडवी टेकवायची. गुळगुळीत दिसणाऱ्या तळावर लगेच सावल्या उठायच्या, शेताच्या बांधासारख्या. एकदा बत्तीतही काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, झालं की आता.

"न्हाई झालं. हात लावा. बोटं न्हाई, आखा तळवा. डोळं मिटा."

मी हात फिरवला. काही कळलं नाही. "आनखी हलकं," ती म्हणाली. "दाबू नका." तिसऱ्यांदा काही कळलं नाही. चौथ्यांदा, नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, दीड हातावर, तळवा कशावरून तरी चढला आणि उतरला. एवढुसं. झोपलेल्या माणसाचा श्वास असतो तेवढं. मी डोळे उघडले तर ती आणि रेश्मा दोघी माझ्याकडं बघत होत्या.

"घावलं व्हय?"

"घावलं, उषाताई," मी म्हणालो. त्याच्या आधी मी तिला ताई म्हटलं नव्हतं. तिनेही ते ऐकलं, आणि पट्टी उचलून कामाला लागली.

चौदा दिवस घासाई चालली. साचे दोन्ही बाजूंना लागले. शेवटच्या फेरीला कोळसा चोळला आणि तो पहिल्या हाताला सगळा एकदम, एकसारखा निघाला. एकही ठिपका राहिला नाही. उषानं पट्टी खाली ठेवली आणि होडीला टेकून बसली. रेश्मानं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला, तर ती म्हणाली, "आदी हिला धुवा. धूळ बसंल."

मग सीलचे हात. पातळ इपॉक्सीचा प्रायमर, म्हणजे घासलेल्या लांबीतली बारीक छिद्रं बंद होतात आणि पाण्याला आत वाट राहत नाही. पहिला हात पुरता कडक व्हायच्या आत दुसरा. उषा अंगठा टेकवून बघायची. ठसा उठला पण बोटाला लागलं नाही, की म्हणायची, "चला." असे तीन हात, एका दिवसात.

रंग मी निळा नेला होता. वाडीतल्या बायांनी तो परत पाठवला. निळी होडी निळ्या पाण्यात दिसणार कशी? पावसाळ्यात धुकं उतरतं, काठावरच्या माणसाला कळायला नको, येतीय का बुडलीय? पिवळा रंग पाठवा. हळदीसारखा. मी पाठवला.

अठ्ठावीस मेला होडी उतरवली. धरणाचं पाणी खाली गेलेलं, काठापासून पाण्यापर्यंत भेगाळलेला गाळ, दोनशे पावलं तरी. ओढत नेली तर रंग जाणार, म्हणून सोळा माणसांनी खांद्यावर घेतली. पुढं विश्राम, मागं उषा, "दगडावरनं जपून, डावीकडं घ्या" ओरडत. होडी पाण्यात बसली आणि दोन्ही बाजूंनी सारखी बसली. कुठं कलली नाही. लोक टाळ्या वाजवायला लागले तर उषानं हात वर केला.

"आज न्हाई. नव दिस जाऊ द्या."

ती होडीत उतरली, आतला तळ कोरड्या फडक्यानं पुसला आणि चुलीची चाळलेली राख त्यावर भुरभुरली, रांगोळी घालावी तशी. थेंब जरी आत आला तरी राख काळवंडणार. वरून ताडपत्री. मग विश्रामनं रोज आडव्या फळ्यांवर धान्याची पोती घालून फेऱ्या मारल्या, एक दिवस पाच पोती, दुसऱ्या दिवशी आठ. रोज संध्याकाळी ताडपत्री उचलून बघायचं. पहिला दिवस, राख पांढरी. तिसरा, पांढरी. सहाव्या दिवशी वळीव आला, वारा सुटला, लाटा काठावर आपटल्या. सातव्याला राख पांढरी.

नवव्या दिवशी मी सकाळीच गेलो. गोरखही आला होता, दोन्ही होड्यांतून मुळशीची माणसं घेऊन. वाडी तर सगळीच काठावर. होडी बाहेर काढून ओंडक्यांवर पालथी केली. तळावरून पाणी ओघळलं आणि पिवळा रंग उन्हात चमकायला लागला. उषानं पुढं जाऊन डोळे मिटले आणि नाळेपासून शेवटापर्यंत, मग परत, दोन्ही तळवे फिरवले. फार वेळ घेतला तिने. एका ठिकाणी थांबली, तर मी वाकून तिथंच बघायला लागलो.

मग डोळे उघडून ती रेश्माला म्हणाली, "न्हाई. येक बी फोड न्हाई."

रेश्मानं किंकाळीच फोडली. बाया धावल्या, पोरं होडीभोवती नाचायला लागली. विश्राम, तो अबोल माणूस, त्याने उषाला सगळ्यांदेखत कमरेला धरून उचललं, आणि ती "सोडा, आवो सोडा, लोकं बगत्यात," म्हणून ओरडत होती आणि हसत होती. कृष्णाबाई, तिची म्हातारी सासू, काठी टेकत आली, होडीला हात लावला आणि सुनेच्या तोंडावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

गोरख बराच वेळ होडीभोवती फिरत होता. खाली वाकून एक डोळा मिटून त्याने तळाची रेघ बघितली. मग टोपी काढून उषापुढं आला.

"मी भंगार म्हनलो होतो."

"व्हय. ऐकलं मी."

"माज्या दोनी होड्यांचं तळ बगशील का? थोरली पानी घेतीया."

"बगीन की. पर दिवाळीच्या म्होरं. आदी वाळवाया लागंल. आन् घाई करायची न्हाई. घाई आसंल तर पुन्याचा मानूस बोलवा."

"न्हाई न्हाई," गोरख म्हणाला. "तू सांगशील तवा."

त्या पावसाळ्यात ओढा चार वेळा भरला आणि टाकवाडीची वाट एकदाही बंद पडली नाही. सरपंचांनी परवानगीचे कागद केले, रिसॉर्टच्या मॅनेजरनं लाइफ जॅकेट दिली. जुलैत रेश्माला दिवस भरले तेव्हा ती त्याच होडीतून अलीकडं आली. पंधरा मिनिटांत. तिला मुलगी झाली.

दिवाळीनंतर गोरखच्या दोन्ही होड्या झाल्या. त्यानंतर रिसॉर्टचा मॅनेजर स्वतः वाडीवर आला. त्याच्या पाच होड्यांसाठी मुंबईची एक कंपनी आणायचं चाललं होतं. उषा म्हणाली, एक मला द्या, चार त्यांना द्या, पावसाळ्यानंतर दोन्ही बघा. त्याने तसंच केलं. मुंबईची माणसं मशीन घेऊन आली, चार दिवसांत चार होड्या करून गेली. उषा आणि तिच्या बाया एका होडीवर महिनाभर होत्या. आता त्या पाच होत्या, वाडीतल्याच, सगळ्या अंगात शर्ट घालून.

गेल्या ऑक्टोबरात पाची होड्या काठावर पालथ्या घातल्या. मॅनेजरनं मला मुद्दाम बोलावलं होतं, कारण माल माझ्याकडचा. मुंबईच्या त्या कंपनीचा एक तरुण साहेबही आला होता, हातात ओल मोजायचं यंत्र. मुंबईवाल्यांच्या चारपैकी दोन होड्यांना बारीक फोड होते. साहेबानं ते टिपून घेतले. मग तो उषाच्या होडीपाशी आला. यंत्र तळावर ठेवलं, आकडा शून्याच्या जवळ. दुसरीकडं ठेवलं. मग नाळेपाशी. यंत्र बिघडलंय की काय म्हणून त्याने शेजारच्या होडीवर लावून बघितलं आणि परत आला.

"हे काम कुठल्या टीमचं आहे?" त्याने मॅनेजरला विचारलं.

मॅनेजर उत्तर द्यायच्या आत उषा पुढं झाली. मागं तिच्या चारी बाया.

"टाकवाडीची टीम," ती म्हणाली. "मी उषा हिलम. त्या चार होड्या बी आमच्याकडंच आना. पर आदी समदं खरवडाय लागंल."